अकरा मिनिटांचा समुद्र

माझ्या माहितीपटातल्या शेवटच्या अकरा मिनिटांवरून आमच्या इमारतीत अजूनही दोन तट आहेत. एक तट म्हणतो, असा समुद्र आम्ही जन्मात पाहिला नाही. दुसरा तट म्हणतो, तो समुद्र कुणीच पाहिला नाही, कारण पडद्यावर काही नव्हतंच. दोघंही खरं बोलतात. मी बत्तीस वर्षं वजनमापे खात्यात निरीक्षक होतो. समोरच्या माणसाने तोंड उघडायच्या आत तो किती खरा आहे ते मला कळतं, असा माझा समज होता. तो कसा मोडला, तेच सांगतो.

सुरुवात आक्कापासून. आक्का म्हणजे माझी थोरली बहीण, माझ्याहून सोळा वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा मी पाच वर्षांचा होतो; तिनंच मला वाढवलं. मुलींच्या शाळेत तिनं एकतीस वर्षं भूगोल शिकवला. देशातल्या सगळ्या नद्या, त्यांचे उगम, त्यांच्या उपनद्या तिला तोंडपाठ, आणि स्वतः पाहिलेली मोठी नदी एकच. ती पण शाळेच्या सहलीच्या बसमधून, पुलावरून जाताना, आणि तेव्हाही आक्का मुली मोजत होती. आधी मला वाढवायचं होतं, मग शाळा होती, मग गुडघे आले. असं करता करता तिला सत्त्याहत्तरावं लागलं.

मी निवृत्त झालो त्या संध्याकाळी तिनं मला तिच्या खोलीत बोलावलं. तिथं भिंतीवर देशाचा एक जुना नकाशा आहे, घड्यांवर फाटलेला.

"आता तुम्ही दोघं देशभर हिंडून या," ती म्हणाली. "आणि आल्यावर मला दाखव."

"काय दाखवू?"

"देश. दुसरं काय?"

हे म्हणताना ती माझ्या कानाच्या बाजूला कुठेतरी बघत होती. मला वाटलं, गहिवरली असेल. तिची नजर हल्ली अधू झालीय, चष्मा बदलायला हवा, एवढं मी धरून चाललो होतो. रोज दुपारी माझी बायको तिला पेपर वाचून दाखवायची. मी म्हणायचो, चला, दोघींना तेवढाच विरंगुळा.

आता, शंभर फोटो काढून आणले असते तरी भागलं असतं. पण कुठलंही काम अर्धवट करायची मला सवय नाही. त्यातच पेपरात जाहिरात दिसली: 'चिंतनशील निरीक्षणपट, तीन दिवसांचं शिबिर.' निरीक्षण! ज्यावर मी आयुष्यभर पोट भरलं तो शब्द. म्हटलं, हे तर आपलंच काम, फक्त हातात कॅमेरा घ्यायचा.

शिबिरात बाकी सगळी पंचविशीतली मंडळी. मी एकटा पाण्याची बाटली आणि कोरी वही घेऊन पहिल्या बाकावर. शिकवणारे सर इतकं हळू बोलायचे की तीन दिवसांत माझी मान आखडली. त्यांचे नियम तीन. कॅमेरा एकदा ठेवला की हलवायचा नाही. समोर जे चाललंय त्यात लुडबुड करायची नाही. आणि बोलायचं नाही, लोकांशीही नाही आणि प्रेक्षकांशीही नाही.

"आणि काही घडलंच नाही तर?" मी विचारलं.

"घडण्याची वाट बघू नका, काका," सर म्हणाले. "वाट बघणं हेच घडणं आहे."

हे वाक्य मी वहीत चौकट आखून लिहिलं. आमच्या खात्यात हे कुणाला वेळेवर सुचलं असतं, तर तुंबलेल्या फायलींची कटकटच मिटली असती.

बातमी इमारतभर व्हायला एक जिना पुरला. सोसायटीचे सेक्रेटरी, जे कुठल्याही विषयावर आधी नियम आणि मग सल्ला देतात, ते म्हणाले, "कॅमेरा हलणार नाही? मग ड्रोन घ्या. ड्रोन हलेल, तुम्ही हलू नका." समोरच्या फ्लॅटमधल्या दंतवैद्यांचं मत पडलं की माणसं हसताना घ्यावीत, आणि तीही अगदी जवळून. यात त्यांचा धंदा बोलत होता. तिसऱ्या मजल्यावरच्या मावशींनी त्यांच्या भाच्याचा पत्ता आणून दिला. "निळं गेट आहे. तेवढं गेट तरी घ्या." मी म्हणालो, निरीक्षणात ओळखीचं गेट चालत नाही. त्या अजून माझ्याशी बोलत नाहीत.

खरी अडचण घरात होती.

"म्हणजे मी बोलायचंच नाही?" बायकोने विचारलं.

"कॅमेरा चालू असताना नाही."

"आणि तो चालू कधी असणार?"

"साधारण सूर्योदय ते सूर्यास्त."

"चौतीस दिवस?" तिनं हातातला कपडा खाली ठेवला. "अहो, लग्नाला पस्तीस वर्षं झाली. पहिल्यांदा आपण कुठेतरी निघालोय, आणि मी मुकी होऊन फिरू?"

"मुकी नाही गं. मौन. दोन्हींत फरक आहे."

"तो फरक तुम्हीच पाळा," ती म्हणाली आणि बॅग भरायला गेली.

माझी बायको भांडखोर नाही. तिला फक्त बोलायला लागतं, जसा मला सकाळी चहा लागतो. पहिल्याच दिवशी मी आगगाडीच्या खिडकीला कॅमेरा बांधला. बाहेर नजर पोचेल तिथपर्यंत सपाट माळ. मी वहीत वेळ टिपली, श्वाससुद्धा बेताने घ्यायला लागलो. दोन मिनिटंही झाली नसतील, आणि कानाशी कुजबुज सुरू झाली. "बघा आक्का, सगळं सपाट आहे. एकच झाड आहे. त्याच्याखाली तीन मेंढ्या बसल्यात आणि चौथी रुसून लांब उभी आहे."

"गप्प बस!" मी म्हणालो. "आक्का पडद्यावर बघणारच आहे. तिला मेंढ्या मोजता येतात."

"येऊ देत की," ती म्हणाली, आणि पुढच्या स्टेशनावर परत "बघा आक्का". मग तो प्रवासभराचा नेमच झाला. दर दोन वाक्यांना आक्का. जणू आक्का तिच्या पर्समध्ये बसून आली होती. डोंगर आले की डोंगराचा रंग, स्टेशन आलं की फलाटावरच्या बायकांच्या टोप्या, पाटीवर काय लिहिलंय, कुणाच्या पायात कुठली चप्पल. आणि त्यामागे माझं "शूऽऽ". मी समजावलं, रागावलो, एकदा तर शिबिराची वही उघडून तिसरा नियम मोठ्याने वाचून दाखवला. तोही वाचताना रेकॉर्ड झाला.

आठव्या दिवशी आम्ही एका प्रचंड नदीपाशी पोचलो. नदी पुलावरूनच नीट दिसते, आणि पुलावर कॅमेरा लावायला परवानगी लागते. काठावरच्या कार्यालयात एक कारकून बसले होते. त्यांनी अर्ज पुढे सरकवला. विषयाच्या रकान्यात मी 'नदी' लिहिलं. पुढे 'चित्रित होणारी घटना' असा रकाना होता. तिथं मी प्रामाणिकपणे 'काही नाही' असं लिहिलं.

"काही नाही म्हणजे?" कारकुनांनी चष्मा कपाळावर घेतला.

"म्हणजे काही घडणार नाही. वाट बघणं हेच घडणं आहे."

"कुणाची वाट बघताय?"

"कुणाचीच नाही."

"साहेब, पुलावर येऊन कुणाचीच वाट न बघणाऱ्या माणसाला आम्ही सहसा खाली उतरवतो."

इथं मी गप्प बसलो असतो तर काम झालं असतं. पण त्यांच्या मागे टपालाची पाकिटं तोलायचा काटा होता आणि त्यावरचा शिक्का तीन वर्षांपूर्वी संपलेला होता. मी फक्त बोट दाखवलं. दुसरं काही केलं नाही, अगदी देवाशपथ. कारकून सावकाश मागे वळले, काट्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "तीन दिवसांनी या."

मी बाहेर पायरीवर बसून नियम आठवत राहिलो. बायको आत गेली. पंधरा मिनिटांनी ती परवानगीचा कागद, दोन बिस्किटं आणि कारकुनांच्या आईच्या गुडघ्याची सगळी माहिती घेऊन बाहेर आली. घटनेच्या रकान्यात कारकुनांनी स्वतःच्या हाताने लिहिलं होतं: 'बहिणीला नदी दाखवणे.' मला जरा लागलंच. मी म्हणालो, "परवानगी अशी भावनेवर मिळवायची नसते." ती म्हणाली, "बिस्किट खा."

त्यानंतर बाजार. डोंगरातल्या एका गावात आठवड्याचा बाजार भरला होता, भाज्या, फळं, धान्य, आणि सगळीकडे हाताच्या तागड्या. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी मध्यभागी स्टँड उभा केला, कॅमेरा सुरू केला, हात मागे बांधले आणि बघत उभा राहिलो.

शिबिराच्या सरांनी एक गोष्ट सांगितली नव्हती. बत्तीस वर्षं वजनं तपासलेला माणूस हात मागे बांधून बाजारात उभा राहिला, की बाजाराला वास लागतो. तिसऱ्या मिनिटाला पहिली कुजबुज झाली. पाचव्या मिनिटाला पोत्यांखालून खरी वजनं बाहेर यायला लागली. एका बाईने तागडीची साखळी पुसून काढली. एकाने गिऱ्हाईकाला हाक मारून परत बोलावलं आणि तिच्या पिशवीत दोन टोमॅटो जास्तीचे टाकले. ती बाई इतकी घाबरली की टोमॅटो ठेवून पळाली. माणसांचं नैसर्गिक वागणं टिपायला गेलो आणि मला देशातला सर्वांत प्रामाणिक बाजार मिळाला.

एकच बटाटेवाला बेफिकीर होता. मला इतक्या लांबूनही त्याचं डावं पारडं खटकत होतं. मी स्वतःला पुष्कळ आवरलं. दुसरा नियम, लुडबुड नाही. पण बत्तीस वर्षांची सवय डोक्यात नसते, पायात असते. पाय चालायला लागले, मी माझ्याच चित्रात शिरलो, पारडं उलटं केलं, आणि खाली चिकटवलेला मेणाचा गोळा सगळ्यांना दिसेल असा वर धरला.

"तुम्ही कोण?" बटाटेवाला पांढराफटक पडून म्हणाला.

"निरीक्षक," मी म्हणालो. पण मी खोटं बोलत नाही, म्हणून पुढे म्हणालो, "निवृत्त."

'निवृत्त' ऐकताच अख्ख्या बाजाराचा जीव भांड्यात पडला, आणि दुसऱ्याच क्षणी अख्खा बाजार माझ्या अंगावर धावून आला. जास्तीचा दिलेला माल परत मागितला जात होता. कुणीतरी माझी टोपी उडवली. एवढ्या गोंधळात बायको बटाटेवाल्याच्या आईशेजारी पोत्यावर बसलेली दिसली. "ह्यांचं मनावर घेऊ नका हो," ती सांगत होती. "घरी साखरेचा डबासुद्धा रोज मोजतात. मुंगीने एक दाणा नेला तरी ह्यांना कळतं." बायका हसल्या, मग पुरुष हसले, आणि शेवटी बटाटेवालासुद्धा. आम्ही निघालो तेव्हा तिच्या हातात टोपलीभर नाशपाती होती आणि माझ्या हातात मेणाचा गोळा. कॅमेरा हे सगळं शांतपणे टिपत होता.

माझा अपमान मी तेहतिसाव्या दिवसापर्यंत पोटात ठेवला. मग लॉजच्या खोलीत तो बाहेर पडला. "तुझ्या बडबडीत माझा माहितीपट बुडाला," मी म्हणालो. "एवढ्या दिवसांत एक मिनिट निखळ शांतता नाही. मी आक्काला काय दाखवू? तुझी टकळी? उद्या शेवटचा दिवस आहे. उद्या समुद्र आहे. उद्या एक शब्द जरी काढलास तर बघ."

"बरं," ती म्हणाली.

एवढंच. त्या 'बरं'चं वजन मी तेव्हाच करायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी ती खरंच एक शब्द बोलली नाही. समुद्र मी नोकरीत असताना पाहिला होता. तिनं पाहिला नव्हता. ती लांबच्या बाकावर जाऊन पाठमोरी बसली. मी कॅमेरा लावला आणि अकरा मिनिटं, फक्त लाटा. ना कुजबुज, ना आक्का. मी इतका खूश होतो की परतीच्या गाडीत ती चौदा तास बोलली नाही, हे माझ्या दुसऱ्या दिवशी लक्षात आलं.

आल्यावर मी आमच्या चौकातल्या व्हिडिओवाल्याला गाठलं. तो लग्नांचे आणि दुकानांच्या उद्घाटनांचे व्हिडिओ करतो. त्याची पहिली सूचना उडत्या फुलांची होती. ती मी हाणून पाडली.

"गाणं?"

"नाही."

"बरं, काकूंचा आवाज?"

"सगळा काढ. फक्त वारा, पाणी, गाडी एवढंच राहू दे."

"सगळा? काका, अहो, तेच तर..."

"काढ."

त्याने काढला. समुद्राच्या कोपऱ्यात बाकावर एक पाठमोरी बाई दिसत होती. तिलाही मी चित्राबाहेर घालवलं. त्यानंतर आठवडाभर मी कधीही गेलो तरी तो कानाला काहीतरी लावून एकटाच हसत असायचा. मी विचारलं की म्हणायचा, "काही नाही काका, काम चाललंय."

मग सोसायटीचा हॉल. सेक्रेटरींच्या अर्जात कारणं चार होती: वाढदिवस, सभा, शोकसभा, इतर. 'इतर'ला कमिटीची मंजुरी लागते आणि कमिटी तीन महिन्यांनी बसणार होती. शोकसभेला मंजुरी लागत नाही, कारण ती घाईची असते. सेक्रेटरी म्हणाले, "शोकसभेवर खूण करा. दोन तास मिळतील." रविवारी चार वाजता हॉलबाहेरच्या फळ्यावर माझ्या नावापुढे 'शोकसभा' लिहिलेलं होतं. दोघंतिघं पडलेल्या चेहऱ्याने आले आणि माझा हात हातात घेऊन विचारायला लागले, "कधी झालं?"

आक्काला मी स्वतः हाताला धरून आणलं. पहिल्या रांगेत मधली खुर्ची. शेजारी मी, मागे बायको. आक्काने नवी साडी नेसली होती आणि काठी गुडघ्यांत उभी धरून ती ताठ बसली होती.

माहितीपट सुरू झाला. विसाव्या मिनिटाला दंतवैद्य घोरायला लागले. मावशी दर चित्रात निळं गेट शोधत होत्या. मी कशाकडेही लक्ष दिलं नाही, कारण आक्का हसऱ्या चेहऱ्याने समोर बघत होती. मग गाडी बोगद्यात शिरली आणि पडदा काळा झाला. हा बोगदा लांब होता, पण हॉलमधलं कुणी हूं की चूं केलं नाही. अर्ध्या तासात मंडळी तयार झाली होती. गाडीचा खडखडाट संपला, नदीच्या पाण्याची चुळबुळ ऐकू यायला लागली. पडदा मात्र काळाच. मला वाटलं, आता येईल चित्र, आता येईल.

तेवढ्यात आक्का माझ्याकडे झुकली. "पाणी किती संथ आहे रे," ती हळूच म्हणाली. "आणि पलीकडच्या काठावरची झाडं कशी स्वच्छ दिसतात."

मी पडद्याकडे बघितलं. काळा. मी आक्काकडे बघितलं. ती हसत होती, आणि तिचा चेहरा पडद्याकडे नव्हता, थोडा डावीकडे, स्पीकरकडे होता. आयुष्यातलं पहिलं खरं निरीक्षण मी त्या क्षणी केलं असेन.

मी मागे वळलो. "आक्काला..."

"दोन वर्षं झाली," बायको कुजबुजली. "काचबिंदू. आता उजेडसुद्धा कळत नाही."

"मला कुणी का नाही सांगितलं?"

"त्यांनी शपथ घातली होती. म्हणाल्या, तो प्रवास रद्द करेल आणि दहा डॉक्टरांच्या यंत्रांची प्रमाणपत्रं तपासत बसेल."

ते मी केलं असतं. अगदी तेच केलं असतं.

"काका, बल्ब उडाला!" मागून व्हिडिओवाला ओरडला. "दुसरा नाहीये!"

"म्हणजे हे मुद्दाम नव्हतं?" दंतवैद्य जागे होऊन म्हणाले. खुर्च्या सरकायला लागल्या. सेक्रेटरी किल्ल्या काढत उठले. आक्काने चाचपडत माझा हात धरला.

"संपलं का? फार छान झालं हो, बाळ. सगळा देश बघितला मी."

मी एकसष्ट वर्षांचा माणूस. पण तिचा हात मी पाच वर्षांच्या पोरासारखा घट्ट धरून बसलो. तिनं आयुष्यभर माझ्यासाठी केलं, आणि आता माझं मन राखायला ती अंधाराकडे बघून झाडं दिसतात म्हणत होती. आणि जी एक बाई तिला खरंच देश दाखवत होती, तिला मी चौतीस दिवस गप्प बस म्हणत होतो, आणि तिचा आवाज पैसे देऊन कापून काढला होता.

मी उठून मागे गेलो. "तो आवाज," मी व्हिडिओवाल्याला म्हणालो. "काकूंचा. टाकून दिलास?"

"टाकतोय कशाला? 'काकू' नावाने सगळा मूळ आवाज वेगळा ठेवलाय. मी रोज ऐकतो."

"लाव."

अंधाऱ्या हॉलमध्ये माझ्या बायकोचा आवाज घुमला. "बघा आक्का, सगळं सपाट आहे. एकच झाड आहे..." आणि लगेच माझा: "गप्प बस!" पहिला हशा तिथं पिकला. उठलेली माणसं बसली. आक्काची पाठ खुर्चीला टेकली आणि तिनं डोळे मिटून घेतले.

"चौथी मेंढी का गं रुसली?" तिनं अंधारातच विचारलं.

"ती उलटीकडे तोंड करून होती, आक्का," बायको मागून म्हणाली. "आमच्या ह्यांच्यासारखी."

असं पाऊण तास चाललं. डोंगर, फलाट, टोप्या, चपला. नदी आली तेव्हा आक्काने तिच्या उपनद्या बोटांवर मोजल्या, आणि एक बायकोने वगळली म्हणून तिला टोकलं. बाजार आला. माझा मेणाचा गोळा, माझी उडालेली टोपी, साखरेचा डबा, मुंगी, सगळं इमारतीला कळलं. दर मिनिटाला माझं "शूऽऽ" यायचं आणि हॉल बेजार होऊन हसायचा. बत्तीस वर्षांत कमावलेली इभ्रत पंचेचाळीस मिनिटांत गेली. मी आक्काच्या खुर्चीशेजारी उभा राहून ती इभ्रत जाताना ऐकत होतो, आणि खरं सांगतो, मला तिचं काही वाटलं नाही.

मग लाटांचा आवाज सुरू झाला. एक लाट, दुसरी लाट. बाकी काही नाही.

"समुद्र आला?" आक्का सावरून बसली. जरा वेळ गेला. "ही गप्प का?"

"त्या दिवशी मला बोलायचं नव्हतं, आक्का," बायको म्हणाली. "ह्यांना विचारा."

मग मीच घसा साफ केला. "समुद्र. वेळ सायंकाळी पाच पन्नास. वारा मध्यम. दृश्यमानता..."

"पंचनामा नको रे," आक्का म्हणाली. "सांग."

मला सांगता येत नाही, आक्का, असं ओठांवर आलं होतं. पण लाटा येत होत्या आणि ती वाट बघत होती. "आक्का," मी म्हणालो, "तो राखाडी आहे. म्हणजे जवळ राखाडी आणि लांब जाऊन पांढरा. लाट येते ती आधी नुसती रेघ दिसते. मग जाड होते, मग फुटते, आणि वाळूवर येऊन पातळ होऊन परत जाते. एक माणूस सायकल ढकलत चाललाय. चाकं वाळूत रुततात, तरी तो थांबत नाही. आणि पलीकडे काही नाही. नुसतं पाणी. तो केवढा आहे ते मला सांगता येणार नाही. मला मोजता आला नाही."

"हं," आक्का म्हणाली. "आणखी?"

"आणखी... उजव्या कोपऱ्यात एक बाक आहे. त्यावर एक बाई पाठमोरी बसलीय. तिनं आज पहिल्यांदा समुद्र बघितलाय. आणि तिच्या नवऱ्याने तिला बजावलंय की एक शब्द बोलायचा नाही. तिचा निळा स्कार्फ उडतोय."

"हिरवा," मागून आवाज आला. तो आवाज जरा ओला होता.

"हिरवा स्कार्फ उडतोय," मी म्हणालो.

"आणि तो नवरा कुठे आहे?" आक्काने विचारलं.

"कॅमेऱ्यापाशी, आक्का. हात मागे बांधून. त्याला वाटतंय, सगळं बरोबर चाललंय."

मागे खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. बायको पुढे आली आणि माझ्या रिकाम्या खुर्चीवर, आक्काच्या शेजारी बसली. आक्काने काठी माझ्याकडे दिली आणि दोन्ही हातांत तिचा हात घेतला. लाटा चालूच होत्या. तेवढ्यात दाराशी किल्ल्या वाजल्या.

"साहेब, सहा वाजले," सेक्रेटरी म्हणाले. "शोकसभेला दोनच तास असतात."

"खाली बसा," मी म्हणालो. "अजून चार मिनिटं समुद्र आहे."

सेक्रेटरी बसले.